नवग्रह झाले, पृथ्वी राहिली

कुंभकोणमला मुक्काम ठेवला की नवग्रहांची नऊ देवळं करता येतात. सूर्यनारकोविलला सूर्य, तिंगळूरला चंद्र, वैदीश्वरनकोविलला मंगळ, आलंगुडीला गुरू, तिरुनळ्ळारला शनी. राहू-केतूंचीही स्वतंत्र सोय आहे. पुण्यामुंबईचे यात्रेकरू वातानुकूलित बसमधून ही ग्रहमाला दोन-तीन दिवसांत उरकतात. 'व्हॉयेजर'ला जे करायला वर्षानुवर्षं लागली, ते आमच्या टूरवाल्यांना इडली-वडा, दोन वेळचं जेवण आणि गुडघेदुखीवाल्यांना पुढची सीट एवढ्या भांडवलावर जमतं.

या नवग्रहांत पृथ्वी नाही. पूर्वजांनी विचार केला असेल, हिच्यावर तर आपण उभेच आहोत, हिची वेगळी यात्रा काय काढायची? भाबडे होते बिचारे. पुढे अशी पोरं जन्माला येतील की ज्यांचा तळपाय पृथ्वीला लागू नये म्हणून दोन द्विपदवीधर माणसं पूर्ण वेळ राबतील, याची त्यांना कल्पना असती तर त्यांनी दहावं देऊळ बांधून ठेवलं असतं. अभिषेक चिखलाचा.

मी अशाच एका बसमध्ये होते. मुलं होती, पण बस शांत होती. मुलं असलेली बस शांत असेल तर शहाण्या माणसानं काळजी करावी. आमच्या बसमध्ये सगळे खूश होते.

कुंभकोणमहून तंजावरच्या दिशेनं पंधराएक किलोमीटर गेलं की पापनाशम् लागतं. (कमल हासनचा २०१५चा 'पापनाशम्', म्हणजे 'दृश्यम'चा तमिळ अवतार, या गावचा नव्हे. तो तिरुनेलवेलीकडचा दुसरा पापनाशम्. मुलीला वाचवायला बाप कुठल्या थराला जातो, याची ती गोष्ट. आमच्या बसमधले बापही त्याच थराला जातात. फक्त समोर पोलीस नसून धूळ असते.) इथल्या रामलिंगस्वामीच्या देवळात एकशेआठ शिवलिंगं आहेत. कथा अशी सांगतात की खर-दूषणांना मारल्याचं पाप रामाला छळू लागलं. त्यानं हनुमानाला लिंग आणायला काशीला धाडलं. हनुमानाला उशीर झाला, तेव्हा सीतेनं नदीची वाळू घेतली आणि लिंगं घडवली. एकशेसात वाळूची, एकशेआठवं हनुमानाचं. म्हणजे हे अख्खं क्षेत्र कुणीतरी मांडी घालून वाळूत खेळल्यामुळे उभं आहे. माझे हे शब्द पुजाऱ्याला आवडणार नाहीत, पण सीतामाईची हरकत नसावी.

दर्शन घेऊन बाहेर आलो. भिंतीच्या कडेला वाळूचा एक ढीग होता, कुणाच्या तरी बांधकामाचा. आमच्यातले एक चिरंजीव, वय वर्षं सहा, त्या ढिगाकडे ज्या गतीनं गेले ती गती त्यांनी एकाही ग्रहासाठी दाखवली नव्हती. दोन्ही हात कोपरापर्यंत आत. चेहऱ्यावर असा भाव की आपण ज्याला समाधी म्हणतो आणि ज्यासाठी लोक आश्रमांत पैसे भरतात.

"शी! डर्टी! हात काढ आधी!"

आईसाहेब धावल्या. पर्समधून बाटली निघाली. आत ज्या वाळूपुढे सहकुटुंब साष्टांग नमस्कार झाला होता, त्याच द्रव्याला बाहेर हात लागला म्हणून अल्कोहोलनं प्रोक्षण झालं.

मी म्हटलं, "अगं, खेळू दे की. सीतामाईकडे कुठे सॅनिटायझर होता?"

"काकू, तेव्हाचं पोल्यूशन वेगळं होतं."

त्रेतायुगातल्या प्रदूषणाची आकडेवारी माझ्याकडे नसल्यामुळे मी गप्प बसले. वडिलांनी मात्र माझं अज्ञान दूर केलं. त्यांच्या घरी 'कायनेटिक सँड' आहे. ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते: बारीक वाळूत थोडं सिलिकॉनचं तेल घालतात, रंग देतात, डब्यात भरतात आणि डब्यावर 'संवेदनांचा विकास' अशा अर्थाचं काहीतरी छापतात. कावेरीकाठी पडलेली वाळू म्हणजे घाण. तीच जांभळी होऊन कुरियरनं आली की शिक्षण.

माझं म्हणणं आताच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांना उतरता येईल. तुम्ही मुलाला जपत नाही. तुम्ही स्वतःच्या जिवाची शांतता जपता आणि तिचं बिल मुलाच्या नावानं फाडता.

दारासुरमच्या ऐरावतेश्वर देवळात बलिपीठाच्या पायऱ्या आहेत. वाजवल्या की त्यांतून सूर निघतात म्हणतात. म्हणतात, असंच म्हणायला हवं, कारण आता त्यांना लोखंडी जाळी घातली आहे. बाराव्या शतकातला दगड झिजू नये म्हणून जाळी घालणं मला समजतं. दगड वाढत नसतो. त्याला आहे तसं ठेवणं हेच त्याचं संगोपन. तुमच्या घरी मात्र सहा वर्षांचं मूल आहे, आणि तुम्ही त्याला पुरातत्त्व खात्याच्या नियमांनी वाढवताय.

आता बसमधल्या शांततेचं रहस्य. पापनाशम्‌च्या देवळाबाहेर मोगऱ्याचे गजरे विकणाऱ्या एका आजींनी चिरंजिवांचा गाल कुरवाळला आणि त्यांच्या हातात एक फूल ठेवलं. बाबांनी ते दोन बोटांनी उचलून बाजूला केलं आणि तत्त्वज्ञान सांगितलं: अनोळखी माणसाकडून काही घ्यायचं नाही. उत्तम तत्त्व! पाचच मिनिटांत बस सुटली आणि त्याच हातात मोबाइल आला. त्यातून एक तोंड रंगवलेला परदेशी इसम किंचाळत खेळण्यांची खोकी फोडत होता. हा इसम ओळखीचा होता का? त्याच्या पुढचा व्हिडिओ कोण निवडत होतं? आई नाही, बाबा नाहीत, कुठल्यातरी कंपनीचं गणित. पापनाशम्‌ची आजी धोकादायक, कारण ती दिसते. कंपनी सुरक्षित, कारण ती दिसत नाही आणि मुख्य म्हणजे तिच्यामुळे बाबांना डुलकी काढता येते.

आणि 'अनोळखी' म्हणून जो बागुलबुवा आपण उभा करतो, त्याचं वास्तव काय आहे? मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांच्या नोंदी सरकार दरवर्षी प्रसिद्ध करतं. त्यांत आरोपी बहुसंख्य वेळा ओळखीचा असतो: नात्यातला, शेजारचा, घरी येणारा-जाणारा. मुलाला शिकवायचं ते हे की ओळखीच्या माणसालाही 'नाही' म्हणता येतं, आणि घरी येऊन सांगितलं तर आईबाप आपल्याच बाजूनं उभे राहतात. पण हे शिकवलं तर मूल उद्या काकांना, मामांना आणि स्वतः बाबांनाही 'नाही' म्हणेल. त्यापेक्षा गजरेवाली बरी. ती तमिळमध्ये रागावेल, आपल्याला काय कळतंय?

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना काढल्या. वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा अजिबात नको. दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला फार तर एक तास, कमी असेल तर उत्तमच. त्याच कागदावर पुढे असंही आहे की एक वर्षानंतर मुलानं दिवसाकाठी किमान तीन तास हालचाल करायला हवी. आमच्या जागरूक पालकांनी या कागदाचं फार मार्मिक वाचन केलं. 'फार तर एक तास' याचा अर्थ त्यांनी 'रोज एक तास मिळालाच पाहिजे' असा लावला. आणि तीन तासांचं काय? ते वाक्य बहुधा पान उलटल्यावर होतं.

तैवाननं तर २०१०पासून शाळकरी मुलांना रोज दोन तास उघड्यावर काढायचा कार्यक्रमच हाती घेतला, कारण पोरांची दूरची नजर जात चालली होती आणि बाहेरच्या उजेडात राहिल्यानं ती जपली जाते असं दिसत होतं. सूर्य, साधा सूर्य! आम्ही काय केलं? मुलाला निळा प्रकाश अडवणारा चष्मा घेऊन दिला, म्हणजे मोबाइल आरोग्यपूर्ण रीतीनं पाहता येईल. आणि सूर्य बघायला सूर्यनारकोविलला आणलं. तिथे तो गाभाऱ्यात असतो, त्यामुळे ऊन लागत नाही.

पापनाशम्‌पासून तंजावर पंचवीसेक किलोमीटर. आमचेच भोसले तिथे १८५५पर्यंत गादीवर होते, म्हणून बसमध्ये सगळ्यांचा ऊर भरून आला. ऊर भरून येणं सोपं असतं, त्याला वाचावं लागत नाही. वाचलं असतं तर त्या घराण्यात एक गोष्ट सापडली असती. तुळजाराजांनी १७८७ साली मरणापूर्वी एक दहाएक वर्षांचा मुलगा दत्तक घेतला: सरफोजी. राजे गेले, गादी अमरसिंहानं घेतली आणि पोराला कोंडून ठेवलं. बाहेर जाणं बंद, शिकणं बंद. श्वार्ट्झ नावाच्या जर्मन पाद्र्यानं मद्रासच्या इंग्रजांकडे तक्रारी लावून धरल्या, तेव्हा कुठे १७९३ मध्ये मुलाला मद्रासला हलवलं गेलं, आणि १७९८ मध्ये तो गादीवर आला.

अमरसिंहाबद्दल मला तिरस्कार आहे, पण एका बाबतीत आदरही आहे. त्याला आपण काय करतोय ते नेमकं ठाऊक होतं. ज्या मुलानं जग पाहिलं नाही ते मूल जगात हक्क मागत नाही, हे त्याचं सरळ, निर्लज्ज राजकारण होतं. आमच्या प्रेमळ पालकांची कृती अक्षरशः तीच: दार बंद, खिडकीला जाळी, सोबतीला मोठं माणूस, परवानगीशिवाय हलायचं नाही. फक्त हेतूच्या रकान्यात 'काळजी' लिहिलंय. आणि अमरसिंहाचं दुर्दैव पाहा, त्याच्याकडे वाय-फाय नव्हता. असता तर श्वार्ट्झसाहेबांना काही पत्ताच लागला नसता. पोरानं तक्रारच केली नसती!

सुटल्यावर त्या सरफोजीनं काय केलं? सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं, देशोदेशीची पुस्तकं जमवली, डोळ्यांच्या शस्त्रक्रियांची टिपणं ठेवायला लावली, छापखाना काढला. त्या छापखान्यातून १८०६ साली 'बालबोध मुक्तावली' निघाली: मराठीत इसापच्या गोष्टी. मराठीतल्या अगदी आरंभीच्या छापील पुस्तकांतलं एक लहान मुलांसाठी आहे आणि ते कोंडलेल्या मुलानं मोठेपणी छापून घेतलं आहे. महाराष्ट्रात किती जणांना ठाऊक आहे? असो. त्याची रील झालेली नाही.

इथे विरुद्ध पक्षाचे वकील उठतील, म्हणून त्यांचा सर्वांत बळकट पुरावा मीच मांडते. श्रीनिवास रामानुजन. कुंभकोणममध्ये सारंगपाणी सन्निधीच्या रस्त्यावर त्यांचं लहानपणचं घर आज पाहायला मिळतं. चरित्रकार सांगतात की आईवडील त्याला खेळायला बाहेर सोडत नसत. तो खिडकीतून रस्त्यावरच्या मित्रांशी बोलायचा. झालं! बघा, घरात ठेवलं म्हणून तर गणिती झाला!

तीन उत्तरं. पहिलं, तुमच्या घरी रामानुजन नाही. हे कुणीतरी सांगायला हवंच होतं. दुसरं, हा खिडकीतला मुलगा सतराव्या वर्षी, १९०५ साली, कॉलेजात गणित सोडून बाकी सगळ्याचं मातेरं झाल्यावर, घरी न सांगता गेला तो थेट विशाखापट्टणमला. राहिलेली सगळी भटकंती एका दमात. तिसरं उत्तर महत्त्वाचं. त्याच्या हातात पाटी होती. पाटी कोरी असते. पाटीवर एक आकडेमोड संपली की दुसरी आपोआप सुरू होत नाही. मधली रिकामी जागा स्वतःच्या डोक्यानं भरावी लागते. तुम्ही मुलाला कोंडलंत ते कोंडलंत, वर त्याचा कंटाळाही काढून घेतलात. अमरसिंहानं तेवढं तरी शाबूत ठेवलं होतं.

आता थोडा वेळ थट्टा बाजूला ठेवते. ज्या कुंभकोणममध्ये आपण ग्रहशांती करून घेतो, तिथे १६ जुलै २००४ रोजी एका शाळेला आग लागली. दुपारच्या जेवणाचं स्वयंपाकघर, वर झावळ्यांचं छप्पर, अरुंद जिना, एकाच इमारतीत दाटीवाटीनं भरवलेले वर्ग. ९४ मुलं गेली. सगळी प्राथमिकच्या वयाची. ती मुलं झाडावर चढली नव्हती. नदीत उतरली नव्हती. अनोळखी माणसाशी बोलत नव्हती. आईबापांनी सकाळी भांग पाडून जिथे पाठवलं, जिथे असणं म्हणजे सुरक्षित असणं अशी सगळ्यांची समजूत होती, तिथे ती हजेरी देऊन बसलेली होती.

हे मी कुणाच्या दुःखाचा मुद्दा करून मिरवावं म्हणून सांगत नाही. भीती कुठल्या पत्त्यावर पाठवायची, हे त्या दिवसानं सांगितलं आणि आम्ही पत्ता वाचलाच नाही. मुलांना मारतो तो मोठ्यांचा हलगर्जीपणा, मोठ्यांचा लोभ, मोठ्यांनी दिलेली खोटी परवानगी. त्या आगीनंतर तमिळनाडूत शाळांची झावळ्यांची छपरं उतरवली गेली. म्हणजे करायचं ठरवलं की होतं. तुम्ही मुलाच्या शाळेत कधी विचारलंत का, की आग लागली तर बाहेर पडायचा दुसरा रस्ता कुठे आहे? नाही. तुम्ही विचारलंत की वर्गात कॅमेरा आहे ना, आणि तो ऑफिसातून मोबाइलवर दिसेल ना. आग लागली तर थेट प्रक्षेपण होईल. दार उघडायला कॅमेऱ्याला हात नसतात.

तोच हिशेब रस्त्याचा. २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली, हा सरकारी आकडा. रस्ता धोक्याचा आहे, कबूल. पण तो धोका कुणी आणला? मुलांनी? सकाळी कुठल्याही नामांकित शाळेच्या फाटकासमोर उभं राहा. दोन टनी गाड्या, प्रत्येकीत एक बाप आणि एक वीस किलोचं मूल, हॉर्नवर हात. बापाला विचारा, मुलाला चालत का नाही पाठवत? "बाहेर गाड्या किती आहेत बघा ना!" बघितल्या. त्यातली एक तुमची आहे.

नदी? नदीत मुलं बुडतात, खरंच बुडतात, आणि चार वर्षांच्या पोराला कोल्लिडमच्या पात्रात एकटं सोडा असं म्हणायला मी काही भ्रमिष्ट नाही. पण पात्रात वाळूउपशाचे खोल खड्डे कोण करून ठेवतं? कावेरीकाठी असोत की भीमेकाठी, ते खड्डे मुलांनी प्लॅस्टिकच्या फावड्यानं खणलेले नसतात. ते खणणाऱ्यांच्या विरोधात ब्र काढायचा नाही, त्याच वाळूच्या फ्लॅटमध्ये राहायचं, आणि पोराला सांगायचं, वाळूला हात लावू नकोस हं. वा!

मुलांना पोहायला शिकवा म्हटलं तर क्लोरीननं केस खराब होतात. ज्या समाजानं 'श्यामची आई' वाचून आणि पाहून घागरी भरतील इतके अश्रू ढाळले, त्यानं त्या पुस्तकातून सोयीचं तेवढं उचललं. पायाला घाण लागू नये म्हणून आईचं लुगडं पसरायला लावणारा श्याम सगळ्यांना पाठ आहे. पोहायला भितो म्हणून लपून बसलेल्या श्यामला फोकानं झोडून विहिरीवर धाडणारी आई कुणाला आठवते? मारू नका, माझी हात जोडून विनंती. मारानं धैर्य येत नाही. पण त्या माउलीला एक गोष्ट कळली होती जी आमच्या द्विपदवीधरांना कळत नाही. मुलाची भीती आपण पोसायची नसते. आज तीच बाई सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असती तर दुपारपर्यंत तिच्याविरुद्ध सह्यांची मोहीम सुरू झाली असती, आणि संध्याकाळी त्याच ग्रुपवर 'श्यामची आई'चा व्हिडिओ फिरला असता. हात जोडलेल्या चिन्हासकट.

बालशिक्षणाच्या धंद्याबद्दल तर काय बोलावं. मारिया मॉन्टेसोरी १९३९ साली याच तमिळ मुलखात, मद्रासच्या अड्यारला आल्या. युद्धामुळे त्यांचा मुक्काम लांबला आणि काही काळ कोडाईकनालला गेला. त्या मुलांच्या हाती खऱ्या काचेची भांडी देत. फुटतील? फुटू देत, फुटणाऱ्या वस्तूमुळेच हात जपून चालतो. आज 'मॉन्टेसोरी' ही पाटी लावलेल्या बालवाडीत जा. कोपऱ्यांना फोम, भांडी प्लॅस्टिकची, अंगणात कृत्रिम हिरवळ, भिंतीवर मोठा पडदा. बाईंचं नाव तेवढं खरं.

आणि आपल्या ताराबाई मोडक? १९२६ साली गिजुभाई बधेकांबरोबर नूतन बालशिक्षण संघ काढला, १९४५ साली बोर्डीला बालवाडी सुरू केली, पुढे अनुताई वाघांना घेऊन कोसबाडची टेकडी गाठली. तिथल्या वारली मुलांना शाळेत यायला वेळ नव्हता. गुरं राखायची होती. आजचा शिक्षणतज्ज्ञ काय करता? हजेरी ॲप. या बायकांनी शाळाच उचलली आणि गुरं चरतात तिथे नेली. तिला कुरणशाळा म्हणत. पानं, बिया, शंख, दगड हेच साहित्य, कारण तेच तिथे होतं. म्हणजे ज्या काळात औषधं कमी होती, साप भरपूर होते आणि दवाखाना डोंगरापलीकडे होता, त्या काळात मराठी बायकांनी बालशिक्षण उघड्यावर नेऊन दाखवलं. आणि आज, कोपऱ्यावर तीन बालरोगतज्ज्ञ असताना, आम्हाला सोसायटीच्या बागेची भीती वाटते. बागेतल्या पाटीवर लिहिलेलं असतं: 'गवतावर चालू नये. झाडांना हात लावू नये. चेंडू खेळू नये.' खाली, 'लहान मुलांसाठी उद्यान'.

या सगळ्यावर कडी म्हणजे बालपणाचा उमाळा. 'आमच्या वेळी दिवसभर उन्हात, आंब्यावर, विहिरीवर, कुणाला पत्ता नसायचा!' ही रील पाहणारे, पुढे ढकलणारे आणि पाहताना पोराला 'गप्प बस जरा, हा घे टॅब' म्हणणारे एकच. साहेब, तुमचं ते सुख कुणी चोरलं? ब्रिटिशांनी? आणि ते 'आमच्या वेळी'सुद्धा जरा तपासून घ्या. दिवसभर विहिरीवर तुम्ही होतात. तुमची बहीण दिवेलागणीच्या आत घरात होती, कडेवर धाकटं घेऊन. तेव्हाची मोकळीक निम्म्या मुलांचीच होती. म्हणून मला जुने दिवस परत नको आहेत. तेव्हा जे फक्त मुलग्यांना मिळालं ते आता सगळ्यांना हवं आहे. आणि हसू याचं येतं की आपण समानता आणलीसुद्धा: आता मुलगाही घरात!

जगाचं म्हणाल तर अमेरिकेत हा रोग इतका बळावला की युटा राज्याला २०१८ साली कायदा करावा लागला. मूल एकटं शाळेत चालत गेलं, बाहेर खेळलं, तर एवढ्यावरून आईबापांवर हेळसांडीचा ठपका ठेवू नये. मूल चालू शकतं, हे विधिमंडळात मंजूर करून घ्यावं लागलं! याउलट १९४३ साली, नाझी फौजा गावात असताना, कोपनहेगनच्या एम्द्रुपमध्ये मुलांसाठी भंगाराचं मैदान उघडलं: फळ्या, विटा, हातोड्या, आणि काय बांधायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. शहर शत्रूच्या ताब्यात आणि पोरांच्या हातात खिळे. आमच्याकडे शत्रू नाही, भंगार हवं तेवढं आहे, आणि हातोडी दिसली की आई किंचाळते.

मग करायचं काय, असा प्रश्न येईल आणि लगेच कुणीतरी त्याची कार्यशाळा काढेल. 'मातीशी मैत्री', रविवारी सकाळी दहा ते बारा, माती आयोजकांची, टी-शर्ट फीमध्ये समाविष्ट. कृपा करून जाऊ नका. चार वर्षांच्या मुलाला नजरेच्या टप्प्यात सोडा आणि तोंड बंद ठेवा. 'सांभाळून' हा शब्द दिवसाला एकदाच वापरायचा अशी शपथ घ्या. सात वर्षांच्या मुलाला कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला पाठवा; जुडी शिळी आणली तर तीच खा. दहा वर्षांचं मूल शाळेत चालत गेलं पाहिजे, आणि तो रस्ता चालण्याजोगा नसेल तर आपला आवाज पोरावर न काढता नगरसेवकावर काढा. तुमच्या घशाची ताकद मी बसमध्ये ऐकली आहे. ती महापालिकेपर्यंत सहज पोहोचेल. शाळेत फूटपाथ, पळवाट आणि मैदान विचारा, कॅमेरा नको. सोसायटीच्या सभेत पार्किंगवर दोन तास भांडता, त्यातली दहा मिनिटं बागेतल्या त्या पाटीसाठी द्या. आणि पोहायला शिकवा. आधी स्वतः शिका. तुम्हालाही येत नाही, मला ठाऊक आहे.

मूल पडेल. गुडघा फुटेल, कोपर खरचटेल, एखादा दात वेळेआधी जाईल. रस्ता चुकेल आणि कुणाला तरी विचारून परत येईल, आणि ते 'कुणाला तरी विचारणं' तुमच्या सगळ्या शिकवण्यांपेक्षा मोलाचं असेल. तुम्हाला त्या वेळात धडधडेल. धडधडू दे. चाळिशीत थोडा व्यायाम हृदयाला चांगला. पण ती धडधड थांबावी म्हणून पोराला घरात बसवू नका. गुडघा त्याचा आहे, भीती तुमची आहे. ज्यानं त्यानं आपापलं सांभाळावं.